चिनी मातीचे खेकडे आणि म्हैसूरचं खारं पाणी

परत आल्यापासून जो तो विचारतोय, म्हैसूरला काय काय पाहिलंस? राजवाडा मी रिक्षातून पाहिला आणि तोही अर्धाच, कारण मांडीवर डबा होता आणि त्यातलं पाणी हिंदकळू नये म्हणून मान वळवायची सोय नव्हती. बागा पाहिल्या नाहीत. रेशमी साडी आणली नाही. सासूबाईंनी पिशवी उलटीपालटी केली, मैसूरपाकाचा एक पुडा तेवढा हाती लागला, तेव्हा म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन बघून काय आलीस?"

मी म्हैसूरला बघायला गेलेच नव्हते. दाखवायला गेले होते.

मी वेंगुर्ल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दगड उलटला की खाली नखाएवढे चपटे खेकडे चिकटलेले दिसतात. दिसायला खेकडे, पण खऱ्या खेकड्यांचे हे लांबचे चुलते. खऱ्या खेकड्याला चालायचे पाय चार जोड्या असतात, यांचे तीनच दिसतात. चौथी जोडी काडीसारखी बारीक, पाठीशी दुमडून ठेवलेली. मिशा मात्र लांबलचक. जगभर यांना चिनी मातीचे खेकडे म्हणतात, कारण जरा जोरात धरलं की कपाचा कान तुटावा तशी नांगी आपल्या हातात ठेवून ते पळून जातात. आमच्याकडे त्यांना नाव नाही. जे कालवणात पडत नाही त्याला आमच्या किनाऱ्यावर सहसा नाव नसतं.

तर या खेकड्यांत मला एकाऐवजी दोन जाती दिसत होत्या. पाठ तीच, आडव्या बारीक रेघांची. रंग तोच, ओल्या दगडासारखा. पण खेकडा चिडून नांग्या उघडतो तेव्हा नांगीच्या दोन बोटांच्या बेचक्यात एकाला निळा ठिपका दिसतो आणि दुसऱ्याला नारिंगी. नर असो, मादी असो, पिल्लू असो, मोठा असो. निळा तो निळा, नारिंगी तो नारिंगी. एकाच दगडाखाली दोघं राहतात, पण अधलामधला रंग मला कधी सापडला नाही. मी आणि माझी विद्यार्थिनी केतकी, आम्ही त्यावर लेख लिहिला. तो परत आला. शेरा एका ओळीचा होता: यमुनाबाई पवारांच्या ग्रंथात ही एकच जात मानली आहे.

या गटाबद्दल यमुनाबाईंचा शब्द शेवटचा. त्या म्हैसूरच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना फोटो पाठवले होते. फोनवर त्या म्हणाल्या, "फोटोतला रंग खेकड्याचा नसतोय ग, मोबाइलचा असतोय." आणि विषय मिटला. आमच्या विभागातले एक सर मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "कशाला त्या म्हाताऱ्या बाईंच्या नादी लागता? थोडी वर्षं थांबा. मग कोण आडवं येणार आहे?" म्हणजे काय, ते मला कळलं. तेव्हाच मी ठरवलं की जायचं, आणि खेकडे जिवंत न्यायचे. स्पिरिटमध्ये घातले की दोन दिवसांत निळं आणि नारिंगी दोन्ही उडून जातं, उरतो उकडलेल्या भातासारखा पांढुरका रंग.

घाटात

जानेवारीतल्या मोठ्या ओहोटीला मी खेकडे धरले. दोन रुंद तोंडाच्या बरण्या, एकीत निळे, दुसरीत नारिंगी. आत दोन-दोन चपटे दगड, ओलं शेवाळ आणि बॅटरीवर बुडबुडे सोडणारं छोटं यंत्र. बरण्या थर्माकोलच्या डब्यात. शिवाय वेंगुर्ल्याच्या समुद्राचं पाणी भरलेला एक कॅन, रोज पाणी बदलायला. सावंतवाडीहून मंगळूरपर्यंत रेल्वे. तो प्रवास सांगण्यासारखा नाही, कारण सगळं सुरळीत झालं.

मंगळूरहून म्हैसूरची बस मडिकेरीच्या घाटातून जाते. कोकणातून घाट चढायची मला सवय आहे, पण आमच्या घाटांत डोंगर उघडा दिसतो. इथे वळणावळणावर झाडी इतकी दाट की दुपारी दोनलाही बसमध्ये हिरवा उजेड. कॉफीची झुडपं, त्यांच्यावर चढलेल्या मिरीच्या वेली, मध्येच लाल कौलांचं घर. मी खिडकीला नाक लावून बसले होते आणि तिथेच घात झाला. एका वळणावर सीटखालचा कॅन सटकला, समोरच्या लोखंडी पायाला आपटला, झाकण उडालं, आणि वेंगुर्ल्याचा समुद्र बसभर पसरला.

"एनम्मा इदु?" कंडक्टर ओरडला. हे काय आहे बाई, हे मला शब्द न कळताही समजलं. पुढच्या सीटवरच्या आजींनी आपली भाजीची पिशवी उचलून छातीशी धरली. बसमध्ये सुकटीचा वास सुटला. मी ओशाळून पदराने पुसायला वाकले, तर त्या आजींनीच आपल्या पिशवीतलं जुनं वर्तमानपत्र काढून मला दिलं आणि डब्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी झाकण थोडं उघडून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं. मग सबंध बसला उद्देशून त्या मोठ्याने म्हणाल्या, "एडी! एडी!"

मी दचकले. आमच्याकडे बाईला असं म्हटलं तर भांडण होतं. नंतर कळलं, कन्नडमध्ये एडी म्हणजे खेकडा.

म्हैसूरला उतरले तेव्हा कॅनच्या तळाला फुलपात्रभर पाणी होतं. बरण्यांतलं पाणी गढूळ झालं होतं, आणि निळ्यांच्या बरणीत एक सुटा पाय तरंगत होता. रिक्षावाल्याला नजरबादचा पत्ता सांगितला. तो हसून म्हणाला, "ओ, एडी मेडम मने!" म्हणजे खेकडेवाल्या मॅडमचं घर. तोवर मला एडी या शब्दाची सवय झाली होती.

नजरबाद

राजवाड्याच्या मागच्या बाजूला, सरकारी कचेऱ्यांच्या पलीकडे, नजरबादच्या एका शांत गल्लीत यमुनाबाईंचं बैठं घर आहे. दारात रांगोळी, कठड्यावर कुंडीतला जाईचा वेल. दार उघडलं त्यांच्या भाचीने, हेमाने. भावाची मुलगी; चाळिशीची, विमा कंपनीत नोकरी करणारी. ती यमुनाबाईंना 'अत्ते' म्हणते, म्हणजे आत्या.

"बन्नि अक्का, आत या," ती म्हणाली. "अत्ते सकाळपास्नं दहा वेळा विचारल्या, बस आली काय म्हणून."

यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड अशी मिसळली आहे की एका वाक्यात कधी नदी ओलांडली ते कळत नाही. मी पुण्या-मुंबईची मराठी ऐकत वाढले नाही, मालवणी ऐकत वाढले, त्यामुळे मला ही मराठी ऐकायला फार गोड लागली.

यमुनाबाई आतल्या खोलीत टेबलाशी बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, जाड भिंगांचा चष्मा. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे एक पाय अधू; खुर्चीला काठी टेकलेली. पाठीमागच्या कपाटांत छतापर्यंत बरण्या. कोणतीही विचारपूस न करता त्या म्हणाल्या, "कुठे आहेत?"

मी डबा उघडला. दोन्ही बरण्यांत खेकडे दगडाखाली निपचित पडले होते. घाणेरड्या पाण्यात ते बाहेर येणार नव्हते आणि फार टिकणारही नव्हते.

"बाई, आधी पाणी पाहिजे. समुद्राचं."

"म्हैसूरला?" हेमा म्हणाली.

मग आम्ही दोघी तिच्या स्कूटरवर बसून शोभेच्या माशांची दुकानं पालथी घालायला निघालो. संध्याकाळची गर्दी, देवराज मार्केटच्या बाजूने जाताना मोगऱ्याचा आणि अगरबत्तीचा वास, मागे मी कॅन कवटाळून. पहिल्या दुकानात गोल्डफिशशिवाय काही नव्हतं. दुसऱ्यात मीठ मिळत होतं, पण ताजं कालवलेलं पाणी एक-दोन दिवस मुरू द्यावं लागतं, आणि माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. तिसऱ्या दुकानाच्या मागच्या भिंतीशी मला एक मोठी टाकी दिसली. आत जांभळ्या उजेडात प्रवाळ डुलत होतं. खाऱ्या पाण्याची टाकी! आत एक केशरी मासा फिरत होता.

दुकानदार आमच्याच वयाचा, दाढीवाला. हेमाने त्याला कन्नडमध्ये सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "एडी? तिन्नोकेना?"

"खायला काय म्हणून विचारतोय," हेमा म्हणाली आणि दोघंही हसायला लागले.

मी मोबाइलवर खेकड्यांचा व्हिडिओ दाखवला. तो पाहता पाहता त्याचं हसणं थांबलं. मग हिंदीत माझ्याशीच बोलला, "ही टाकी मी चार वर्षं सांभाळतोय. बायको म्हणते, मुलांपेक्षा हिच्याकडे जास्त बघतोस. किनाऱ्यावरून थेट उचललेला प्राणी या गावात कधी आलाच नाही." आणि त्याने नळी लावून आपल्या टाकीतलं पाणी माझ्या कॅनमध्ये सोडलं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. वेंगुर्ल्यापेक्षा किंचित सौम्य, पण समुद्रच. तो बघतच राहिला. "तुम्ही चाखून सांगता?" मी म्हटलं, लहानपणापासून पोटात जातंय, जीभ ओळखते.

टेबलावर

पाणी हळूहळू बदललं. पसरट काचेच्या भांड्यात दगड मांडून मी खेकडे सोडले, भांड्याशेजारी टेबललॅम्प ठेवला आणि आम्ही तिघी वाट बघत बसलो. हेमाने फिल्टर कॉफी आणून ठेवली. ती निवत आली तेव्हा दगडाच्या कडेवर दोन मिशा दिसल्या, मग एक खेकडा अर्धा बाहेर आला. आणि त्याने पंखे उघडले.

हे खेकडे चावून खात नाहीत. तोंडाच्या दोन बाजूंना त्यांना केसांचे पंखे असतात. एकदा डावा, एकदा उजवा, असे ते पाण्यात फेकतात, मिटतात आणि त्यात अडकलेलं सूक्ष्म अन्न तोंडात पुसून घेतात. जाळं टाकावं आणि ओढावं तसं.

मला हे रोजचं. पण यमुनाबाईंच्या हातातला पेला तसाच थांबला होता.

"हे हलतंय," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "असं हलतंय होय हे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हळूच विचारलं, "बाई, तुम्ही हे कधी जिवंत...?"

"कुठून बघू? खडकावर मला नेणार कोण? संग्रहाला मुलं जायची, मास्तर जायचे. पाय असा, त्यात बाईमाणूस. मला बरण्या आणून द्यायचे. समुद्र बघितलाय मी, मंगळूरला, रस्त्यावरनं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे पंखे मी शेकड्याने काढलेत चित्रात. भिजलेल्या कुंचल्यासारखे, चिकटलेले. मला वाटायचं, असेच असतात म्हणून."

या बाईंच्या ग्रंथावरून जगभरातले लोक हे खेकडे ओळखतात. आणि त्यांनी जन्मात एकही चालताना पाहिला नव्हता. आणि मी त्यांची चूक दाखवायला आले होते. आता, या क्षणी, कसं सांगायचं?

त्यांनीच विचारलं. "मत्ते? मग, गप्प का झालीस? सुम्ने, उगीच दाखवायला एवढ्या लांब आली नाहीस तू."

मी बारीक कुंचल्याने एका खेकड्याला डिवचलं. त्याने नांग्या उघडल्या. बेचक्यात निळं चमकलं. मग दुसऱ्या भांड्यातल्याला डिवचलं. नारिंगी. बाई भिंग घेऊन पुढे वाकल्या. पुन्हा दाखव म्हणाल्या. पुन्हा. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. नर-मादी बघितलंस? वय? खाणं वेगळं असेल. कात टाकण्याआधी रंग बदलत असेल. दगडाचा रंग बघितलास? मी एकेकाचं उत्तर देत गेले. त्यांचा आवाज चढत गेला, आणि मग एकदम थांबला.

"म्हणजे मी चुकले म्हणतेस."

"बाई, तुमच्यासमोर रंग नव्हताच."

"रंग म्हणजे पुरावा नव्हे!" त्यांनी काठी उचलली. "जगातल्या सगळ्या संग्रहालयांत पांढरे खेकडे आहेत. तिथला माणूस काय करणार? मेल्यावरही दिसेल असं काहीतरी दाखव. नाहीतर एकच." आणि त्या झोपायला निघून गेल्या.

हेमा मला वाढत होती. मुद्दे, नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे, आणि अवरेकाळूचं सारू. म्हणजे वालाच्या जातीच्या ताज्या दाण्यांचं पातळ कालवण, थंडीत इथे घरोघर होतं. मी मुद्दा चावायला लागले तशी ती म्हणाली, "चावायचं नाही अक्का, गिळायचं." तो घशाखाली उतरेना. मुद्दाही आणि बाकीचंही. मी म्हटलं, "मी त्यांना दुखावलं."

"राग आलाय त्यांना," हेमा म्हणाली. "किती दिवसांनी आलाय! परवागिल्ला, चालतंय. मागचं सबंध वर्ष त्या त्या टेबलाशी बसल्या पण नाहीत. डोळे गेले, आता कशाला म्हणायच्या. आज बघितलात न्हवं, कशा भांडत होत्या?"

सकाळी मी उठले तेव्हा यमुनाबाई अंघोळ करून, केसांत फूल माळून टेबलाशी बसल्या होत्या. एक नारिंगी खेकडा रात्री मेला होता. त्यांनी तो तळहातावर घेतला होता. "बिचारा," त्या म्हणाल्या. "वाया घालवायला नको ह्याला."

तो सबंध दिवस आम्ही सूक्ष्मदर्शकाशी घालवला. पाठीच्या रेघा, डोळ्यामागचा काटा, नांगीच्या कडेचे दात, शेपटीचे तुकडे. मेलेल्या नारिंगीच्या शेजारी बाईंच्या बरण्यांतले जुने खेकडे ठेवून बघितलं. एक फरक सापडतोय असं वाटायचं, आणि पुढच्या बरणीतला खेकडा तो पुसून टाकायचा. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून सुई मी धरायची आणि कुठे बघायचं ते त्या सांगायच्या. संध्याकाळपर्यंत हाती काही नव्हतं. गंमत म्हणजे माझ्यापेक्षा त्याच जास्त खट्टू झाल्या होत्या.

टी. नरसीपूर

दुसऱ्या दिवशी रविवार. हेमाने फर्मान काढलं, दोघींनीही घराबाहेर पडायचं. तासाभराच्या अंतरावर टी. नरसीपूर आहे, तिथे कावेरी आणि कपिला भेटतात. कपिला म्हणजे कबिनी. पवारांच्या घरात वर्षातून एकदा तरी तिथे जायचा रिवाज. वाटेत उसाचे फड, भाताची कापणी झालेली शेतं, खाचरात पाय रोवून उभे बगळे. कोकणात शेतं डोंगराच्या आधाराने बसतात. इथे सपाट जमीन आणि कालव्याचं पाणी, दोन्हींची अशी चैन की बघून हेवा वाटावा.

संगमावर गर्दी फार नव्हती. गोल टोपल्यासारख्या होड्या काठाला ओढून ठेवल्या होत्या. लोक बुडी मारत होते, कोणी दिवे सोडत होतं. आमच्याकडे नदी समुद्राला मिळते ती जागा मासेमारीची. इथे दोन नद्या मिळाल्या की देवाची जागा होते. हेमा देवळात गेली. बाईंना पायऱ्या उतरवत नव्हत्या, म्हणून मी त्यांना धरून बाजूच्या उतारावरून पाण्याशी नेलं. एका खडकावर बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले.

मग काठी पाण्यात घालून त्यांनी एक ताटलीएवढा दगड ढोसला. तो हलला नाही. मला म्हणाल्या, "स्वल्प मदत कर." मी हात घालणार तोच म्हणाल्या, "तू नको उलटू. मला उलटू दे. तू सुम्ने काठी धर."

काठीच्या टोकाने दोघींनी मिळून तो दगड उलटला. चिखलाचा ढग उठला, आणि त्यातून नदीतला एक करडा खेकडा तिरका तिरका धावत त्यांच्या पायाला घासून गेला. बाई केवढ्याने किंचाळल्या! नमस्कार करणारी माणसं वळून बघायला लागली. मी घाबरून त्यांचा दंड धरला, तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"सगळा जन्म खेकडे बघितले ग," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा एक माझ्यापासनं पळाला."

परतताना गाडीत मी पेंगत होते. एकदम मागून त्यांचा आवाज आला. "नीलिमा, हा खेकडा दगडाखाली तळाला बसला होता. तुझे कसे असतात? दगडाला उलटे लटकून?"

"हो. लाट आली की घट्ट धरून."

"आणि तू काढतेस तेव्हा? दोघंही सारखेच सुटतात?"

मी सरळ झाले. असा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. पण हाताला उत्तर ठाऊक होतं. "नाही. निळे पटकन सुटतात. नारिंगी सोडतच नाहीत. केतकी तर त्यांना चिकटगुंडे म्हणते."

"कशाने धरतात?"

"पायाच्या टोकांनी."

"आणि आपण काल सबंध दिवस काय बघितलं? पाठ! डोळे! शेपटी!" त्यांनी हेमाच्या सीटवर काठी आपटली. "ए, जरा बेगा चालव!"

बेगा म्हणजे लवकर. हेमाने गाडी पळवली.

ओंदल्ल, एरडु

घरी पोचल्यावर चप्पलही न काढता आम्ही टेबलाशी बसलो. मेलेल्या नारिंगी खेकड्याचा पाय मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पायाचं शेवटचं पेर नखासारखं वाकडं असतं आणि त्याच्या आतल्या कडेला बारीक काटे असतात. मी मोजले. चार. मग घाटात सुटलेला निळ्याचा पाय जपून ठेवला होता, तो घेतला. तीन. आणि चौथ्याच्या जागी काहीच नाही, गुळगुळीत कड.

"जिवंत बघ," बाई म्हणाल्या. मी प्रत्येक खेकडा काचेच्या पट्टीवर क्षणभर धरून बघितला. निळ्यांना तीन, नारिंगींना चार. एका निळ्याने रागावून नांगी माझ्या चिमट्यात सोडली आणि निघून गेला. तीनच.

मग बाईंनी कपाटातली बरणी मागितली. त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, एकाच जातीचं नाव लावलेली. त्यात किती किनाऱ्यांवरचे, किती जुने पांढरे खेकडे होते. मी एकेक काढून बघायची, आकडा सांगायची, आणि त्या खेकडा डाव्या किंवा उजव्या बशीत ठेवायच्या. चार. तीन. तीन. चार. कुठे चिकटलेली वाळू काटा लपवायची, तिथे मी कुंचल्याने साफ करायची. तीन आणि चारच्या मध्ये लटकणारा एकही निघाला नाही. दोन्ही बशा भरत आल्या. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचेही दोन्हींत होते, म्हणजे माझे नारिंगी काही वेंगुर्ल्यापुरते नव्हते.

शेवटचा खेकडा ठेवून त्या खुर्चीला टेकल्या. दोन बशांकडे बघत, कोणाला उद्देशून नव्हे, अशा म्हणाल्या, "ओंदल्ल. एरडु." एक नाही. दोन.

हेमा दारात उभी होती. "अत्ते?" तिने भीत भीत विचारलं.

"मी बरी आहे ग. कॉफी कर." मग माझ्याकडे वळल्या. "लिहून काढ. पहिल्या ओळीत लिही, पवार यांनी या दोन जाती एक मानल्या होत्या, ते चूक. नाव माझं पण घाल. माझी चूक दुसऱ्या कोणी एकट्याने दुरुस्त केलेली मला चालणार नाही."

"आणि केतकीचं?"

"तिचं आधी घाल. तिने चिकटगुंडे म्हटलं नसतं तर आपण अजून पाठच बघत बसलो असतो."

निघायच्या दिवशी उरलेले खेकडे मी परत न्यायचं ठरवलं. आमच्याकडून उचलले, आमच्याकडेच सोडायला हवेत. दुकानदाराने पुन्हा कॅन भरून दिला आणि या वेळी झाकणाला स्वतः दोरी बांधली. बाई दारापर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला तर माझा हात धरून म्हणाल्या, "तो नारिंगी, दगडाला लटकलेला, लाटेत कसा दिसतो?" मी सांगायला लागले. दोन वाक्यं बोलले आणि थांबले. सांगून होण्यासारखं ते नव्हतंच.

वेंगुर्ले

येऊन आठवडा झाला नसेल, दुपारी हेमाचा फोन आला. "अक्का, अत्ते विचारतायत, खडकावर कुठल्या चपला चालतात?"

मी वर्गात शिकवत होते. तशीच बाहेर आले. "म्हणजे?"

"म्हणजे काय, मार्चमधल्या मोठ्या ओहोटीची तिकिटं काढायला लावलीत मला. डॉक्टरांशी भांडून आल्या. मी म्हटलं, पाय घसरला तर? म्हणतात, मला चालायचं नाहीये, मला बसायचंय."

रबरी तळव्याच्या, मागून पट्टा असलेल्या, असं मी तिला सांगितलं.

त्या संध्याकाळी ओहोटी लागल्यावर मी आणि केतकी कॉलेजातली हाताची प्लास्टिकची खुर्ची घेऊन किनाऱ्यावर गेलो. जिथे नारिंगी खेकडे जास्त असतात त्या बाजूला, वाळूपासून फार आत नाही, असा सपाट खडक शोधायला बराच वेळ लागला. एक उंच होता, एक निसरडा. तिसऱ्यावर खुर्चीचे चारही पाय टेकले. केतकी म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसून बघा." मी बसले. पुढे वाकले, हात खाली सोडला. बोटं पाण्याला लागली, आणि पाण्याखाली हाताशीच एक दगड होता, ताटलीएवढा, कोणालाही बसल्या जागेवरून उलटता येईल असा.